प्रयोगशाळेंतील तराजू आणि सोलापूरचें शेत

सप्टेंबर महिना उतरणीस लागला म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यापुढें एक जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो. यंदा ज्वारी पेरावी कीं नाहीं, आणि पेरावयाची तर कोणत्या रानांत? रब्बीची ही ज्वारी पावसावर वाढत नाहीं. पाऊस सरल्यावर तिचें आयुष्य सुरू होतें. सोलापुरास वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यांतला मोठा हिस्सा सप्टेंबरांतच येतो, आणि काळ्या मातीनें त्यांतून जें पाणी पोटांत साठविलें असेल तेवढ्याच शिदोरीवर पिकाला माघ-फाल्गुनापर्यंतची वाट चालावी लागते. ही शिदोरी डोळ्यांना दिसत नाहीं. जाणता शेतकरी ढेकूळ उचलतो, मुठींत दाबतो, बोटांनीं चुरून पाहतो आणि मनाशीं अंदाज बांधतो. त्याचा अंदाज पुष्कळदां बरोबरही ठरतो. मग विद्यापीठांतील संशोधकाला याहून अधिक तें काय करावयाचें असतें? तो अंदाज दुसऱ्यास सांगतां यावा, तिसऱ्यास पडताळतां यावा, आणि चुकलाच तर किती चुकला असेल हेंही आधींच सांगतां यावें, अशा रूपांत त्याला आणावयाचा असतो. मृदाशास्त्र असो, रसायन असो, पदार्थविज्ञान असो किंवा वनस्पतिशास्त्र असो, पृथक्करणाच्या आणि मोजमापाच्या साऱ्या पद्धती या एका गरजेंतून निघाल्या आहेत.

सोलापुरांत हें काम आजकालचें नव्हे. कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठीं येथें १९३३ सालीं संशोधन केंद्र निघालें, आणि एन्. व्ही. कानिटकर यांनीं या विषयावर जें काम केलें त्याचा इंग्रजी ग्रंथ १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६८ सालीं राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि सोलापूरचें हें केंद्र त्याच्या कक्षेंत आलें. सोलापूरचें स्वतःचें विद्यापीठ २००४ सालीं निघालें. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचें नांव आहे. संस्था निरनिराळ्या, शाखा निरनिराळ्या. परंतु त्यांच्या पायाखालची माती एकच असल्यामुळें तिच्याच आधारानें हा विषय समजून घेणें सोपें जाईल.

मातींतील ओलावा मोजण्याची मूळ रीत इतकी साधी आहे कीं ती ऐकून एखाद्यास शास्त्राविषयीं थोडी निराशाच वाटावी. गिरमिटानें ठराविक खोलीवरची माती काढावयाची, झाकणाच्या डबींत घालावयाची, तिचें वजन करावयाचें. मग ती भट्टींत १०५ अंश सेंटिग्रेडवर चोवीस तास ठेवून पुन्हा वजन करावयाचें. दोन वजनांतला फरक तें पाणी. ओली माती १३५ ग्रॅम भरली आणि वाळून १०० ग्रॅम राहिली, तर ओलावा ३५ टक्के. उन्हांत वाळलेले पापड हलके होतात हें ज्या घरांत ठाऊक आहे तेथें याहून अधिक फोड करावयास नको. परंतु १०५ अंशच कां? पाणी तर १०० अंशांवर उकळतें. कारण असें कीं मातीच्या अतिसूक्ष्म कणांना पाण्याचा जो पातळ थर बिलगून बसलेला असतो तो सहजासहजीं सुटत नाहीं. त्याला थोडी अधिक आंच लागते. बरें, मग सरळ ३०० अंश कां नको? तर तेवढ्या उष्णतेंत कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश जळूं लागतो आणि कणांच्या घडणींतच गुंतलेलें पाणी निघूं लागतें. वजन घटतें खरें, पण तें घटणें पिकाच्या पाण्याचें नव्हे. तेव्हां प्रयोगशाळा जिला 'कोरडी माती' म्हणते ती निसर्गांत कोठें सांपडणारी वस्तु नसून शास्त्रज्ञांनीं आपसांत ठरविलेली एक मर्यादा आहे. ही मर्यादा सर्वांनीं सारखीच पाळली तरच सोलापूरचा आंकडा रोहतकच्या आंकड्याशेजारीं ठेवतां येतो.

आणखी एक गोष्ट. त्याच शेतांत चार पावलांवर दुसरी डबी भरली तर उत्तर ३५ येईलच असें नाहीं. चार डब्या भरल्या आणि ३५, ३२, ३८ व ३४ असे आंकडे आले, तर सरासरी सुमारें ३५ हें खरें. पण तिच्या दोहों बाजूंस तीन-तीन टक्क्यांचा झोका आहे हेंही तितकेंच खरें. ज्या प्रबंधांत नुसता ३५ छापलेला असतो आणि झोक्याचा उल्लेख नसतो, तो प्रबंध अर्धें उत्तर देऊन थांबला आहे असें म्हणावें लागतें. दशांशचिन्हापुढें चार आंकडे लिहिल्यानें ही उणीव भरून निघत नाहीं. उलट तराजूच्या बारकाईवरून शेताच्या बारकाईचा भास होतो.

बरें, ओलावा ३५ टक्के आहे हें कळलें. तो सगळा ज्वारीच्या वांट्यास येईल काय? येणार नाहीं. चिकण मातीचे कण कांहीं पाणी इतक्या घट्टपणें धरून ठेवतात कीं मुळांना तें ओढून घेतां येत नाहीं. ही हद्द कोठें आहे हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनीं १९१२ च्या सुमारास वनस्पतीलाच साक्षीदार केलें. कुंडींत रोपें वाढवावयाचीं, पाणी तोडावयाचें, आणि कोमेजलेलीं पानें दमट हवेंत ठेवूनही जेव्हां पुन्हा टवटवीत होत नाहींत त्या क्षणीं मातींत ओलावा किती उरला तें मोजावयाचें. पुढें पदार्थविज्ञानानें हेंच काम रोपावांचून साधलें: ओल्या मातीवर १५ वातावरणांइतका दाब दिल्यावर तिच्यांत जें पाणी शिल्लक राहतें तें बहुतेक त्याच हद्दीशीं येऊन ठेपतें. एका शास्त्राचा जिवंत साक्षीदार आणि दुसऱ्या शास्त्राचें निर्जीव यंत्र यांची साक्ष अशी जुळली म्हणजे त्या आंकड्यावर विश्वास ठेवावयास धीर येतो.

उदाहरणादाखल ही हद्द २० टक्के धरूं. म्हणजे पिकाच्या उपयोगी पडणारें पाणी वजनानें १५ टक्के. परंतु मुळें माती वजनानें घेत नाहींत. तीं जागा व्यापून असतात. एका घन सेंटिमीटरांत कोरडी माती १.२ ग्रॅम असेल तर १५ चे १८ टक्के होतात. आणि माती एक मीटर खोल असेल तर हें पाणी १८० मिलिमीटर भरतें. त्याच गांवांतल्या मुरमाड रानांत अशीच माती केवळ ३० सेंटिमीटर असली, तर शिदोरी ५४ मिलिमीटरांवर येते. पाऊस दोघांवर सारखाच पडला. पण बांधाच्या अलीकडे कणीस भरलें आणि पलीकडे ताटें करपलीं, त्याचें कारण या साध्या गुणाकारांत आहे. मात्र या गुणाकारांत एक खांच आहे. काळी माती वाळतांना आकसते, आणि आकसली म्हणजे तो १.२ चा आंकडाही बदलतो. पुस्तकांतून तो उचलून वापरणें सोयीचें असतें. शेतांतून मोजून आणणें कष्टाचें असतें. संशोधकाचा कस बहुधा अशा जागींच लागतो.

काळी माती आकसते तरी कां? उन्हाळ्यांत सोलापूरच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसांत त्या मिटतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. त्याचें कारण पाहण्यासाठीं माती शोधणाऱ्यास क्षकिरणांकडे जावें लागलें. १९१२-१३ सालीं लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनीं दाखविलें कीं स्फटिकांतील अणूंच्या थरांवरून हे किरण ठराविक कोनांतच परत फिरतात, आणि त्या कोनावरून दोन थरांमधलें अंतर काढतां येतें. काळ्या मातींतील स्मेक्टाइट जातीच्या चिकण खनिजावर हा प्रयोग केला म्हणजे मौज दिसते. तें भाजून वाळविलें तर थरांमधलें अंतर सुमारें १० अँगस्ट्रॉम भरतें. नेहमींच्या दमट हवेंत तें सुमारें १५ होतें. ग्लायकॉल पाजल्यावर १७ पर्यंत जातें. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहाकोटावा भाग. एवढ्याशा फुगवट्याची बेरीज होतां होतां शेताला भेग पडते! हेंच यंत्र सोलापुरापासून पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी विजेच्या उपकरणांकरितां तयार केलेल्या पातळ थरांवर वापरतो, रसायनाचा विद्यार्थी नव्या संयुगावर वापरतो आणि भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी खडकावर. यंत्र तिघांना सारखेंच आलेख काढून देतें. प्रश्न मात्र ज्याचा त्यानें घेऊन यावा लागतो.

आतां मातीवरून पिकाकडे वळावें. येथें मोजमापाचा प्रश्न एकदम माणसांच्या व्यवहारांत उतरतो. ब्रिटिश अंमलांत पीक किती आलें हें नजरेनें ठरवीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, सहा आणे म्हणजे नापिकी, आणि साऱ्याची सूट या आणेवारीवर अवलंबून. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणे चलनांतून गेले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. नजर मात्र तीच राहिली. नजरेचा दोष ती अप्रामाणिक असते हा नव्हे. पाहणाऱ्याला आपल्या आंकड्याचा परिणाम ठाऊक असतो, हा खरा दोष. ज्याला सारा वसूल करावयाचा त्याला कणीस जाड दिसतें, ज्याला तो भरावयाचा त्याला बारीक; आणि दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात.

यावर उपाय म्हणून पीक कापून, मळून, तोलून पाहण्याची पद्धति आली. सगळें शिवार तोलणें शक्य नाहीं. म्हणून नमुना घ्यावा लागतो. शितावरून भाताची परीक्षा करावी असें घरोघर म्हणतात, आणि भातापुरतें तें बरोबरही आहे. कारण पातेल्यांतला भात एकाच आंचेवर, एकाच पाण्यांत शिजलेला असतो. शेत तसें शिजलेलें नसतें. विहिरीजवळचा कोपरा हिरवा आणि माळाकडचा पिवळा. तेव्हां शीत कोठलें उचलावें हें हातावर सोंपवून चालत नाहीं; तें चिठ्ठीवर सोंपवावें लागतें. कोणतें शेत, शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलें उभीं आणि किती आडवीं, हें सारें यदृच्छेनें निघालेल्या आंकड्यांनीं ठरवावयाचें, आणि तेथें दोरीनें चौकोन आंखून आंतलें पीक कापावयाचें. चौकोनांत पीक विरळ आहे म्हणून तो पुढें सरकविला कीं सगळी मेहनत वायां गेली.

हा चौकोन केवढा असावा, यावर चाळीसच्या दशकांत मोठा वाद झाला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले आणि लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले पां. वा. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं अगदीं लहान तुकडे कापले तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कारण ऐकलें तर हंसूं येईल. दोरीवर आलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे माणसाचा हात तें आंत ओढण्याकडे झुकतो. एक मीटर बाजूच्या चौकोनांत दर चौरस मीटरमागें चार मीटर कड येते. दहा मीटर बाजूच्या चौकोनांत ती चाळीस सेंटिमीटरच येते. कड जेवढी कमी तेवढी या मोहाला जागा कमी. ही चूक डब्यांच्या झोक्यासारखी नव्हे. झोका कधीं वर, कधीं खालीं जातो, आणि नमुने वाढविले कीं सरासरींत विरतो; ही चूक नेहमीं एकाच बाजूला ओढते, आणि हजार नमुने घेतले तरी जशीच्या तशी राहते. शास्त्राच्या कोणत्याही शाखेंतील विद्यार्थ्यानें या दोन चुकांमधला भेद पहिल्या वर्षींच शिकावा. दुर्दैवानें पुष्कळांना तो परीक्षेंत लिहितां येतो आणि प्रयोगांत दिसत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत भरपाईचा हिशेब मुख्यतः पीककापणीच्या प्रयोगांवर बसविलेला आहे. एका महसूल मंडळांतल्या मोजक्या चौकोनांची सरासरी त्या मंडळांतल्या साऱ्या विमाधारकांना लागू होते. चौकोन कोठें आंखला, धान्य किती ओलें असतांना तोललें, या गोष्टींवर कितीएक घरांचें वर्ष अवलंबून असतें.

चिठ्ठीचें हें तत्त्व इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनीं प्रयोगांच्या आंखणींत आणलें. दोन वाणांची तुलना करावयाची असेल तर एक वाण खोल जमिनींत आणि दुसरा उथळ जमिनींत पेरून चालणार नाहीं. आणि 'जमीन सारखीच दिसते' एवढ्यावरही विसंबून चालणार नाहीं. रानाचे पट्टे पाडावे, प्रत्येक पट्ट्यांत सगळे वाण असावे, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या, आणि असे पट्टे अनेक असावे. मग जमिनीमुळें पडलेला फरक एकीकडे काढून वाणामुळें पडलेला फरक वेगळा पाहतां येतो. सोलापूर जिल्ह्यांतच मोहोळच्या केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण या कसोटीचें चांगलें उदाहरण आहे. पुढें कितीतरी नवे वाण निघाले. पण रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत नव्या वाणाशेजारीं तुलनेसाठीं मालदांडी पेरण्याची वहिवाट पडली. ज्याच्या कामगिरीशीं ताडून पाहावयाचें असा जुना, ओळखीचा सोबती शेजारीं नसेल तर नव्याचें उत्पन्न चांगलें कीं वाईट हें सांगणार कशावरून? चांगल्या पावसाच्या वर्षीं सगळेच वाण शहाणे असतात.

आतांपर्यंत जें मोजलें तें मुठींत मावणारें होतें. द्राक्षावर राहिलेल्या औषधाचा अंश मोजावयाचा म्हणजे किलोमागें मिलिग्रॅमचे शतांश पाहावे लागतात. त्यासाठीं रसायनशास्त्र प्रथम मिसळलेल्या वस्तु वेगळ्या करतें. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून त्याचें टोंक पाण्यांत बुडविलें तर शाईंतले रंग वेगवेगळ्या अंतरांवर जाऊन बसतात, हा खेळ शाळेंतल्या मुलांनीं केलेला असतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पानांतले रंग याच युक्तीनें निराळे केले. आजचीं यंत्रें हेंच करतात, आणि वेगळ्या झालेल्या प्रत्येक द्रव्याच्या कणांचें वस्तुमान तोलून त्याची ओळख पटवितात.

अशा सूक्ष्मदृष्टि यंत्रापासून कांहीं सुटेल असें कोणास वाटेल? पण २०१० सालीं तें घडलें. महाराष्ट्रांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश तेथील ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो या मर्यादेहून अधिक निघाला, माल अडकला, आणि बागाईतदारांच्या हातीं आलेला हंगाम गेला. निर्यातीपूर्वीं द्राक्षें तपासलीं जात होतीं. परंतु तपासावयाच्या द्रव्यांच्या यादींत हें द्रव्य नव्हतें. शिवाय शेंकडों औषधें एकदम शोधण्याच्या रीतींत नमुन्यांतून तीं काढण्यासाठीं जें द्रावण वापरतात त्यांत हें विद्युद्भारित द्रव्य उतरतच नाहीं; तें पाण्यांतच राहतें, आणि त्यासाठीं वेगळी पद्धति लागते. यंत्रानें 'आढळलें नाहीं' म्हटलें असतें तें खरेंच असतें. नाहीं आणि पाहिलें नाहीं, यांत किती अंतर आहे हें त्या वर्षीं बागाईतदारांनीं पैशाच्या भाषेंत शिकून घेतलें. पुढें हें द्रव्य यादींत घालण्यांत आलें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण डाळिंबाचें. सोलापूरजवळ केगांव येथें २००५ सालीं डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें. या फळावरचा तेल्या रोग जिवाणूमुळें होतो, आणि रोपें बागेंत लावण्यापूर्वींच तो ओळखतां आला तर बाग वांचते. जिवाणूच्या डी. एन्. ए. चा विशिष्ट तुकडा प्रत्येक फेरींत दुप्पट करीत नेणारी एक पद्धति आहे. सर्व सुरळीत चाललें तर ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक होतात, आणि अदृश्य तें दृश्य होतें. पण ती पद्धति मेलेल्या जिवाणूचाही डी. एन्. ए. तितक्याच इमानानें वाढविते. फवारणीनंतर उत्तर 'आहे' असें आलें तर जिवंत शत्रु आहे कीं त्याचें प्रेत, हें त्या एका चाचणीवरून कळत नाहीं; त्यासाठीं जिवाणू बशींत वाढवून पाहण्याची जुनी, संथ रीतच धरावी लागते.

मातींतल्या ओलाव्यासाठींही आतां भट्टीहून चपळ साधनें आलीं आहेत. जमिनींत खोंचलेल्या कांबीवरून विजेच्या गुणधर्मांतला बदल टिपून ओलावा सांगणारीं उपकरणें आहेत. २०१५ सालीं अमेरिकेनें सोडलेला 'स्मॅप' उपग्रह सूक्ष्मलहरींच्या साह्यानें जगभरच्या जमिनीचा ओलावा पाहतो. परंतु उपग्रहाला दिसतो तो वरचा सुमारें पांच सेंटिमीटरांचा थर. ज्वारीचीं मुळें मीटरभर खालीं गेलेलीं असतात, आणि मधलें अंतर गणितानें भरून काढावें लागतें. कांबीच्या उपकरणाला काळ्या मातीच्या चिकण कणांची स्वतःची विद्युद्वाहकता फसविते, आणि भेग पडून कांबीभोंवतीं पोकळी झाली कीं तें हवाच मोजूं लागतें. म्हणून कारखान्यांतून आलेल्या तक्त्यावर न विसंबतां प्रत्येक जातीच्या मातीसाठीं त्याचा तक्ता नव्यानें बसवावा लागतो. आणि तो बसविण्यासाठीं कोणाला तरी गिरमीट व झाकणाच्या डब्या घेऊन उपकरणाशेजारची माती काढावी लागते, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवावी लागते, आणि दोनदां तोलावी लागते.